दुधाची दाढ 'पडणारच आहे' म्हणून सोडू नका

सिहोरा आणि आसपासच्या गावांतल्या आईबाबांनो, बैल घेताना आपण आधी त्याचं तोंड उघडून पाहतो. दोनदाती की चारदाती, जुळला की नाही, हे कळल्याशिवाय पैसे मोजत नाही. घरातल्या आठ-दहा वर्षांच्या लेकराचं तोंड मात्र कोणी पाहत नाही!

पाहायचं ते सुळ्याच्या मागे. तिथल्या दुधाच्या आठ दाढा साधारण नऊ ते बारा वर्षांच्या वयात पडतात आणि त्याच जागी आठ उपदाढा येतात. नागझिऱ्याच्या वाघाची वरची शेवटची उपदाढ मांस कापते, गाईच्या उपदाढा चारा दळतात. आपल्या उपदाढांना बहुधा दोन टोकं असतात. चणा फोडायला त्या कामी येतात आणि बारीक करताना मागच्या दाढांना साथ देतात. एकदा गेल्या की पुन्हा येत नाहीत.

दुधाची दाढ किडली तर 'पडणारच आहे' म्हणून सोडून देतात. इथेच घात होतो. नवी उपदाढ त्याच दाढेच्या मुळांमध्ये तयार होत असते. कीड मुळाशी उतरून पू झाला, तर येणारा दातही खराब होऊ शकतो. दाढ फार लवकर काढली, तर मागची दाढ पुढे सरकून जागा अडवते आणि उपदाढ वाकडी येते किंवा आतच अडकते. म्हणून कीड लहान असतानाच भरून घ्या. काढावीच लागली, तर जागा राखायची तार बसवता येईल का, हे डॉक्टरांना विचारा.

आणखी एक. सहाव्या वर्षी सगळ्यात मागे येणारी दाढ कायमची असते. तिच्यासाठी आधीचा कुठलाच दात पडत नाही, त्यामुळे ती दुधाचीच वाटते आणि दुर्लक्षात किडते.

शाळेत तपासणीचं पथक आलं की लेकराची दाढ आवर्जून दाखवा. पुढे तुमसरचं उपजिल्हा रुग्णालय आहे, अवघड काम असेल तर नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय. रात्री झोपण्याआधी ब्रश करायला लावा आणि त्यानंतर गोड देऊ नका.

खर्ऱ्याबद्दलही बोललंच पाहिजे. त्यातल्या सुपारीने तोंड हळूहळू आखडतं, तंबाखूने कर्करोग होतो. तोंड उघडेनासं झालं की दाताच्या डॉक्टरांनाही आत हात घालता येत नाही. निदान आपल्यासाठी खर्रा आणायला पोराला पानठेल्यावर पाठवू नका.