पत्र्याच्या घरात गेमिंग लॅपटॉप घेताना

वस्तीतल्या मुलाने किंवा मुलीने गेमिंग लॅपटॉप मागितला की घरात पहिला शब्द निघतो, "अभ्यास सोडून खेळत बसायचंय का?" आम्हाला हे पटत नाही. अ‍ॅनिमेशन, आर्किटेक्चर, व्हिडिओ एडिटिंग शिकणाऱ्यांना असेच यंत्र लागते. आणि दिवसभर राबून आलेल्या पोराने तासभर खेळले, तर त्यात वावगे काय? विचारायचे ते एवढेच, की आपल्या घरातल्या उष्णतेत हे यंत्र नीट चालेल का, आणि वापरणाऱ्याच्या अंगाला त्रास तर होणार नाही ना?

बहुतेक लॅपटॉप 35 अंशांपर्यंतच्या खोलीसाठी बनवलेले असतात. मे महिन्यात पत्र्याखालची खोली त्याहून जास्त तापते. मग आतली चिप स्वतःला वाचवायला वेग कमी करते. हप्ता पूर्ण भरायचा, वेग मात्र पूर्ण मिळत नाही.

म्हणून दुकानात नुसते ग्राफिक्स कार्डाचे नाव पाहू नका, वॅटही विचारा. आरटीएक्स 4060 हे नाव एकच, पण लॅपटॉपप्रमाणे ते 35 ते 115 वॅटपर्यंत चालते. वॅट जास्त तर जोर जास्त, आणि उष्णताही जास्त. ती बाहेर टाकायला जागा हवी. दिसायला पातळ लॅपटॉपपेक्षा थोडा जाड, दोन पंख्यांचा, मोठ्या जाळ्यांचा घ्या. जमल्यास दुकानातच अर्धा तास गेम चालवून कीबोर्डला हात लावून बघा.

घरी आणल्यावर तो गादीवर, उशीवर ठेवू नका, खालच्या जाळ्या बंद होतात. मांडीवर तर नकोच. रोज तासन्‌तास मांडीवर गरम लॅपटॉप ठेवणाऱ्यांच्या कातडीवर जाळीसारखे लालसर-तपकिरी डाग पडतात. शेगडीला चिकटून बसणाऱ्यांना पडतात तसेच. दुखत नाही म्हणून दुर्लक्ष होते. डाग दिसला तर लॅपटॉप मांडीवर घेणे थांबवा, डॉक्टरांना दाखवा. पाट किंवा लाकडी फळी पुरते. चार्जर अर्थिंग असलेल्या तीन पिनांच्या सॉकेटलाच लावा, आणि जाळीतली धूळ अधूनमधून काढा.

जाहिरातीत ग्राफिक्सचे आकडे मोठ्या अक्षरांत असतात, उष्णतेबद्दल कुणी बोलत नाही. पत्र्याखाली आपण राहतो, तेव्हा तो प्रश्न दुकानदाराला आपणच विचारला पाहिजे.