देणगी अवश्य द्या, पण आपलं नाव उसनं देऊ नका
(अमेरिकेतील मराठी बंधू-भगिनींना जाहीर आवाहन)



येत्या ३ नोव्हेंबर २०२६ रोजी अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या सर्व ४३५ जागांसाठी आणि सिनेटच्या सुमारे एक तृतीयांश जागांसाठी मतदान आहे. एडिसनपासून फ्रीमाँटपर्यंत आपल्या लोकांच्या घरी उमेदवारांची ये-जा वाढली आहे. बेसमेंटमध्ये खुर्च्या मांडल्या जातात, समोसे-चहा होतो, उमेदवार पंधरा मिनिटं बोलतो आणि मग देणगीचा क्यूआर कोड सगळ्यांच्या फोनवर जातो. याचा मला मनापासून आनंद आहे. आपण या देशात कर भरतो, मुलं वाढवतो. इथल्या राजकारणातही आपला वाटा असलाच पाहिजे.

मात्र अशा बैठकांच्या आगेमागे कधी कधी एक फोन येतो. "अरे, माझी लिमिट संपली. तू आणि वहिनी, दोघांच्या नावानं भरून टाक. उद्या पैसे झेल (Zelle) करतो तुला." फोन करणारा परका नसतो. कधी तो कंपनीचा मालक असतो, कधी आपल्याला या देशातली पहिली नोकरी मिळवून देणारा. त्याला नाही म्हणणं जड जातं. तरीही नाही म्हणा, ही विनंती करण्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

मर्यादा काय आहे?

२०२५-२६ या काळासाठी फेडरल पदाच्या एका उमेदवाराला एका व्यक्तीने एका निवडणुकीसाठी जास्तीत जास्त ३,५०० डॉलर द्यावेत, असा नियम आहे. प्रायमरी आणि जनरल या दोन वेगळ्या निवडणुका धरतात, म्हणजे दोन्ही मिळून ७,०००. नवरा-बायकोची मर्यादा स्वतंत्र असते, घरात एकच जण कमावत असला तरी. पण जॉइंट खात्याच्या चेकवर एकाचीच सही असेल, तर सगळी रक्कम त्याच्याच नावे लागते. ती दोघांत विभागायची असेल तर दोघांची लेखी संमती लागते. रोख रक्कम १०० डॉलरपर्यंतच चालते. एका उमेदवाराला दिलेली रक्कम २०० डॉलरच्या वर गेली, की तुमचं नाव, पत्ता, व्यवसाय आणि कंपनीचं नाव फेडरल निवडणूक आयोगाच्या जाहीर नोंदीत जातं. ती नोंद कुणालाही पाहता येते.

राज्यांचे नियम वेगळे असतात. व्हर्जिनिया आणि टेक्सस इथे राज्य विधिमंडळाच्या उमेदवाराला एका व्यक्तीने किती द्यावं, यावर कमाल मर्यादाच नाही. शेजारच्या राज्यातल्या मित्राने दिलेला सल्ला म्हणूनच आपल्याला लागू पडेल असं नाही.

ही मर्यादा कशासाठी?

वॉटरगेट प्रकरणानंतर १९७४ साली अमेरिकी काँग्रेसने निवडणूक निधीचा कायदा कडक केला, व्यक्तीच्या देणगीवर एका निवडणुकीला १,००० डॉलरची मर्यादा घातली आणि निवडणूक आयोग स्थापन केला. १९७६ मध्ये 'बकली विरुद्ध व्हॅलेओ' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही मर्यादा कायम ठेवली. मोठ्या देणगीतून उमेदवार देणाऱ्याच्या उपकाराखाली येतो, निदान लोकांना तसं वाटतं, आणि एवढं कारण मर्यादेला पुरेसं आहे, असं न्यायालयाने मानलं. त्याच निकालाने खर्चावरची आणि उमेदवाराच्या स्वतःच्या पैशावरची मर्यादा मात्र उठवली. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०१८ साली मिशिगनच्या गव्हर्नरपदाची प्रायमरी स्वतःचे लाखो डॉलर घालून लढले, ते पूर्णपणे कायदेशीर होतं. पुढे २०१० मधल्या न्यायालयीन निकालांमुळे सुपर पॅक, म्हणजे उमेदवारापासून स्वतंत्रपणे प्रचारावर खर्च करणाऱ्या समित्या आल्या आणि तिथे देणगीला मर्यादाच उरली नाही.

म्हणून काही जण विचारतात, तिकडे कोट्यवधी डॉलर वाहत असताना आमच्या साडेतीन हजारांचा एवढा बाऊ कशाला? प्रश्न रास्त आहे आणि त्याला उत्तर आहे. सुपर पॅकला उमेदवाराच्या खात्यात एक डॉलरही भरता येत नाही. उमेदवाराचं खातं ही अजूनही अशी जागा आहे, जिथे अब्जाधीश आणि फार्मसीत काम करणारी आपली बहीण एकाच रांगेत, एकाच मर्यादेत उभे राहतात. दुसऱ्यांच्या नावावर चार-पाच चेक फिरवणारा माणूस हीच रांग मोडतो. नुकसान आपलंच होतं, कारण आपल्यातले बहुतेक जण पन्नास-शंभर डॉलर देणारे आहेत.

भारतात आपण वेगळ्या व्यवस्थेत वाढलो. तिथे उमेदवाराच्या खर्चावर मर्यादा आहे. व्यक्तीने पक्षाला किती द्यावं यावर नाही. कोण कुणाला पैसा देतो हे मतदाराला कळलं पाहिजे, हे तत्त्व मात्र तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही १५ फेब्रुवारी २०२४ रोजी निवडणूक रोखे घटनाबाह्य ठरवताना उचलून धरलं. उसन्या नावाची देणगी नेमकी हीच माहिती मतदारापासून लपवते.

नाव देणाराही दोषी

दुसऱ्याच्या नावाने देणगी देणं हा गुन्हा आहे आणि जाणूनबुजून आपलं नाव वापरू देणं हाही. मालकाने पैसे बोनस म्हणून दिले, खर्चाच्या बिलात घातले किंवा मुलाच्या वाढदिवसाची भेट म्हटलं, तरी व्यवहार तोच राहतो. असं जाणूनबुजून केलं आणि रक्कम १०,००० डॉलरच्या वर असली तर दोन वर्षांपर्यंत, आणि वर्षभरात २५,००० किंवा अधिक असली तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मुंबईत जन्मलेले लेखक दिनेश डिसूझा यांचं प्रकरण सर्वांसमोर आहे. २०१२ साली न्यू यॉर्कमधल्या सिनेटच्या एका उमेदवारासाठी त्यांनी इतरांकडून देणग्या भरवल्या आणि त्यांचे पैसे परत केले. रक्कम होती २०,००० डॉलर. उमेदवार हरला, खटला मात्र उभा राहिला. २०१४ मध्ये त्यांनी गुन्हा कबूल केला. पाच वर्षांचं प्रोबेशन, त्यातले आठ महिने निगराणी केंद्रात मुक्काम आणि ३०,००० डॉलर दंड अशी शिक्षा झाली. २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी त्यांना माफी दिली. तुम्हा-आम्हाला अशी माफी कोण देणार?

भीड ही भिकेची बहीण, असं आपल्याकडे म्हणतात. इथे भिडेपोटी नाव देणाऱ्याला चौकशीच्या वेळी वकील स्वतःच्या पैशाने करावा लागतो.

व्हिसावर असलेल्यांसाठी

ग्रीन कार्डधारकांना देणगी देता येते. एच-वन, एल-वन, एफ-वन अशा व्हिसावर असलेल्यांना मात्र फेडरल, राज्य किंवा गावपातळीच्या कोणत्याही उमेदवाराला एक डॉलरही देता येत नाही, मग ते इथे पंधरा वर्षं कर भरत असोत. इथे तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या एका वकिलाने आणि एका डॉक्टरने या बंदीला आव्हान दिलं होतं. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली. ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षं अडकलेल्यांना हे बोचतं, याची मला जाणीव आहे. तुम्हाला विनामोबदला स्वयंसेवक म्हणून काम करता येतं: फोन करणं, पत्रकं वाटणं, खुर्च्या लावणं. तेवढं जरूर करा. पण नागरिक असलेल्या मित्राच्या नावाने पैसे पाठवू नका.

मंडळ, कंपनी आणि घरचा कार्यक्रम

आपली बहुतेक मराठी मंडळं करकायद्याच्या ५०१(सी)(३) कलमाखाली धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेली आहेत. त्यांना उमेदवाराच्या बाजूने वा विरोधात प्रचार करता येत नाही आणि देणगीही देता येत नाही. गणेशोत्सवाच्या मंचावरून एका उमेदवारासाठी मतं मागितली, तर मंडळाची करसवलत धोक्यात येते. कॉर्पोरेशनने फेडरल उमेदवाराला पैसे देण्यावर १९०७ पासून बंदी आहे, तेव्हा कन्सल्टिंग कंपनीचं क्रेडिट कार्ड खिशातच राहू द्या.

घरी कार्यक्रम करणाऱ्यांसाठी एक सोयीचा नियम आहे. स्वतःच्या घरी खाणं-पिणं आणि निमंत्रणं यांवर एका व्यक्तीने एका उमेदवारासाठी एका निवडणुकीत १,००० डॉलरपर्यंत केलेला खर्च देणगी धरला जात नाही. पती-पत्नी मिळून २,०००. त्याच्या वरचा खर्च तुमच्या मर्यादेतून वजा होतो. कार्यक्रमाला तिकीट असेल, तर त्याची पूर्ण किंमत देणगी ठरते, त्यात जेवण असलं तरी.

अंमलबजावणी कोण करतं?

पहिली चाळणी उमेदवाराच्या खजिनदाराची. मर्यादेपेक्षा जास्त आलेली रक्कम त्याने ६० दिवसांत परत करायची किंवा देणाऱ्याच्या संमतीने दुसऱ्या निवडणुकीकडे वा जोडीदाराच्या नावे वळवायची. त्याचं पत्र आलं तर टाळू नका, उत्तर द्या.

दुसरी चाळणी आयोगाची. तक्रार कुणीही करू शकतं. मात्र ती सही करून, नोटरीसमोर शपथेवर करावी लागते. निनावी तक्रार चालत नाही. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे, त्याला उत्तरासाठी १५ दिवस मिळतात. आयोगात सहा सदस्य असतात, एका पक्षाचे तीनपेक्षा जास्त नाहीत, आणि चौकशी सुरू करायलाही चार मतं लागतात. तीन-तीन मतं पडली की प्रकरण तिथेच थांबतं. २०१९-२० मध्ये आणि पुन्हा मे २०२५ पासून सदस्यच पुरेसे नसल्याने आयोगाला मतदान घेता येईना. पहारा ढिला आहे, हे खरं आहे. पण नोंदी पुसल्या जात नाहीत, कारवाईची मुदत पाच वर्षांची आहे आणि फौजदारी खटला भरायला न्याय खात्याला आयोगाच्या मतांची गरज नसते.

आयोग दुबळा असतो तेव्हा कायदा पाळला जाणं चेक लिहिणाऱ्याच्या हाती उरतं. म्हणून माझ्या विनंत्या अशा:

१. देणगी स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या खात्यातून आणि स्वतःच्याच नावाने द्या.
२. "तू भर, मी देतो" असं कुणीही म्हटलं, तरी ठाम नकार द्या. मालक म्हणत असेल तर ते लिहून ठेवा आणि वकिलाचा सल्ला घ्या.
३. कुणाला किती दिलं, याची घरात एक वही ठेवा. ऑनलाइन दरमहा जाणाऱ्या देणग्या त्यात धरायला विसरू नका.
४. ऑनलाइन फॉर्मवरच्या चौकटी वाचून मगच खूण करा. नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड आणि पैशाची मालकी, यांबद्दल तुम्ही तिथे कबुली देत असता.
५. आयोगाच्या नोंदीतली नावं-पत्ते उचलून देणग्या मागू नका. कायद्याने त्याला मनाई आहे.
६. घरी कार्यक्रम करणाऱ्यांनी देणगी मागण्याआधी हे नियम दोन मिनिटांत सर्वांना सांगावेत, मराठीत.

पंचवीस डॉलर द्या किंवा साडेतीन हजार द्या. आपल्या नावाने द्या. मग निवडून आलेल्या माणसाला व्हिसाबद्दल, शाळेबद्दल, आरोग्यविम्याबद्दल थेट जाब विचारा. स्वतःच्या नावाने पैसा देणाऱ्याला तो विचारताना कुणाचीच भीड बाळगावी लागत नाही.

आपली,
मतदार नोंदणीचं काम करणारी एक मराठी स्वयंसेविका