पेजमेकरची पत्रिका

१ जुलै १९९८ला धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, तेव्हा लग्नपत्रिका जुळवायची म्हणजे पानं मांडायचं सॉफ्टवेअर पेजमेकर आणि श्रीलिपीचे मराठी फाँट. आधी पहिली वेलांटी, मग अक्षर, हा टाइपरायटरचा क्रम जुन्या ऑपरेटरांच्या बोटांत असा मुरला, की युनिकोडची चाल त्यांना उलटी वाटते. २००१च्या सातव्या आवृत्तीनंतर अ‍ॅडोबीने पेजमेकर पुढे नेलाच नाही. पेजमेकरमधली तेव्हाची पत्रिकेची फाइल आज फाँट नसताना उघडली, तर ‘चि. सौ. कां.’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा! तरी ते सॉफ्टवेअर मला प्रिय. इंटरनेटशिवाय निमूट चालायचं, दरमहा पैसे मागायचं नाही. (मुळात पैसे किती जणांनी भरले होते, ते विचारू नका.)