पेठा कोणाचा?

कोंबडीला तंगड्या दोन असतात, पंख दोन असतात, पण पेठा एकच असतो. विधात्यानं ही कंजुषी का केली ते त्याचं त्यालाच ठाऊक. आणखी तीनचार पेठे टाकले असते तर त्याचं काही बिघडलं नसतं, आणि मला हा लेख लिहावा लागला नसता.

पेठा म्हणजे आग्र्याचा नव्हे बरं का! हे आधीच सांगितलेलं बरं. आमच्या इमारतीतल्या एका शुद्ध शाकाहारी बाईंनी ‘मलाही द्या हं थोडा’ म्हणून वाटी पुढे केली होती, तेव्हा त्यांना वाचवताना माझी तारांबळ उडाली. आग्र्याचा पेठा कोहळ्याचा. मी म्हणते तो कलेजी-पेठ्यातला पेठा, कोंबडीच्या पोटातला. कोंबडीला दात नसतात. ती दाणे टिपते, जोडीला बारीक खडे गिळते, आणि ही जाड स्नायूंची पिशवी त्या खड्यांच्या मदतीनं दाणे भरडून काढते. थोडक्यात म्हणजे पेठा हे कोंबडीचं जातं. काळीज सोडलं, तर अख्ख्या कोंबडीत इतका राबणारा दुसरा अवयव नसेल. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता कोंबडीच्या जात्यावर एका प्रौढ बाईनं इतकं तावातावानं लिहावं, याला कारण आमच्या ह्यांची नोकरी. ह्यांच्या नोकरीपायी २०१० ते २०१४ अशी चार वर्षं आम्ही नायजेरियात, लागोसला होतो. लागोस ही तिथली राजधानी नव्हे. होती, पण १९९१ साली तो मान अबुजाकडे गेला. लागोसकरांना त्याचं काडीइतकं दुःख नाही. मुंबईकराला दिल्लीविषयी जेवढं वाटतं तेवढंच त्यांना अबुजाविषयी वाटतं. शनिवार उजाडला की शहरात कुठे ना कुठे मांडव पडलेला असतो. लग्न, बारसं, साठी, काहीही चालतं; कुणी वयोवृद्ध होऊन गेलं तरी मांडव पडतो. एका घरच्या माणसांनी एकाच कापडाचे कपडे शिवायचे, वाद्यं लावायची आणि पाहुणा उठता उठणार नाही इतकं खायला घालायचं. या समारंभांना ते ‘ओवाम्बे’ म्हणतात. तिथेच मी पहिल्यांदा गिझडोडो खाल्लं.

नाव ऐकून हसू नका. ‘गिझ’ म्हणजे गिझर्ड, अर्थात आपला पेठा. ‘डोडो’ हा योरुबा भाषेतला शब्द. पिकलेल्या मोठ्या केळ्यांचे तळलेले तुकडे म्हणजे डोडो. निम्मं इंग्रजी, निम्मं योरुबा, म्हणजे आपल्या ‘डबलरोटी’च्या जातकुळीतलं नाव. तोंडात एकीकडे खमंग, चिवट, तिखट पेठा आणि दुसरीकडे लोण्यासारखं गोड केळं. कोंबडी आणि केळं एका कढईत, हे ऐकून आमच्या सासूबाईंनी फोनवर ‘शिव शिव’ म्हटलं होतं. केळं म्हणजे आपल्याकडे सत्यनारायणाचं, उपासाचं, फार तर शिकरणाचं. पण सासूबाईंचं पुढे सांगते.

हा पदार्थ मला शिकवला आमच्या शेजारणीनं. बाई शाळेत गणित शिकवायची आणि स्वयंपाकही गणितासारखाच करायची, पायऱ्या न गाळता. तिनं अर्धा किलो पेठे माझ्यापुढे ठेवले, हातात सुरी दिली आणि म्हणाली, “मॅडम, आधी सोला.” पेठ्याच्या आत पिवळं, खरबरीत अस्तर असतं. ते न काढता शिजवाल तर सगळी कढई कडू. एकेक पेठा चिरायचा, धुवायचा, अस्तर सोलायचं, मग मीठ-लिंबू चोळून पुन्हा धुवायचा. अर्ध्या किलोला माझा पाऊण तास गेला.

मग कांदा, मीठ, थाइमची वाळलेली पानं, सूपची वडी आणि करी पावडर घालून पेठे शिजवायला ठेवायचे. होय, करी पावडर! आपल्या घरात ती पिवळी भुकटी कुणी पाहिलेलीही नसते, पण नायजेरियन बाईच्या फळीवर तिच्यावाचून चालत नाही. साहेबानं आपले मसाले बघून ती बनवली आणि सगळ्या साम्राज्यात विकली. शेजारीणबाई मला कौतुकानं म्हणाली, “ही तुमचीच ना?” मी मान डोलावली. साहेबाचं बाकी सगळं आपण परत केलं, हे एक ठेवून घ्यायला काय हरकत आहे?

पेठे मऊ व्हायला चांगली पस्तीस-चाळीस मिनिटं लागतात. कुकर असला तर चार-पाच शिट्ट्या. ते तेलात परतून घ्यायचे. टोमॅटो, तांबडी सिमला मिरची, कांदा आणि ‘आता रोडो’ एकत्र वाटायचं. आता रोडो ही दिसायला छोट्या भोपळ्यासारखी गोंडस मिरची. तिच्या दिसण्यावर जाऊ नये. आपला ठेचा तिच्यापुढे बालवाडीत शोभेल. हे वाटण तेल सुटेपर्यंत परतायचं, त्यात पेठे घालायचे, आणि अगदी शेवटी तळलेल्या केळ्याचे तुकडे हलक्या हातानं मिसळायचे. झालं गिझडोडो.

तर त्या दिवशी वाटण परतताना शेजारीणबाई सहज म्हणाली, “माझ्या वडिलांच्या घरी मी पेठा कधी खाल्ला नाही. तो ओगांचा.” ‘ओगा’ म्हणजे साहेब, मालक, घरधनी. तिथल्या अनेक घरांत रीतच आहे. कोंबडी कापली की पेठा घरच्या कर्त्या पुरुषाचा. बायकोनं तो दुसऱ्या कुणाला वाढला किंवा चवीपुरता स्वतः खाल्ला, तर घरात रामायण घडतं. पेठा कुठे गेला, या एका प्रश्नावरून तिथे नवराबायकोचे अबोले झालेले आहेत.

मी हसले. आणि हसता हसता थांबले, कारण मला आमचं स्वतःचं ताट आठवलं. आमच्याकडे रविवारी कोंबडी व्हायची तेव्हा कलेजी-पेठा सासऱ्यांच्या ताटात. ते गेल्यावर तो आपोआप ह्यांच्या ताटात येऊ लागला, जसा सातबाऱ्यावर वारस चढतो तसा. तंगड्या मुलांना, छातीचे तुकडे पाहुण्यांना, आणि पुरुषांची पंगत उठल्यावर आम्हा बायकांना मान, पंख आणि तळाशी राहिलेला रस्सा. मान आम्हालाही मिळायचा, नाही असं नाही. फक्त तो कोंबडीच्या मानेचा असायचा.

या विषयावर मी बोलायला लागले की समोरून तीन उत्तरं येतात. तिन्हींचा समाचार घेते.

पहिलं उत्तर : ‘परंपरा आहे हो!’ असेल. पण त्या कढईत डोकावून बघा जरा. मिरची आणि टोमॅटो अमेरिकेतले. कोलंबस १४९२ साली तिकडे पोचला नसता तर ना योरुबांचं वाटण झालं असतं, ना आपला ठेचा. केळं मूळचं आशियातलं, कोंबडीही आशियातलीच. थाइम भूमध्य समुद्राकाठचं, करी पावडर साहेबाची. लागोस हे नावसुद्धा पोर्तुगीजांनी दिलेलं. योरुबा लोक त्याला एको म्हणतात. आपली गोष्ट वेगळी नाही. वडापावातला बटाटा, मिरची आणि पाव, तिघेही पाहुणे. म्हणजे स्वयंपाकघरात सात समुद्रांपलीकडून काहीही आलेलं चालतं, आठवड्यात रुळतं, चार पिढ्यांत ‘आपलं पारंपरिक’ होतं. फक्त पेठा एका ताटातून उचलून दोन वीत पलीकडच्या ताटात ठेवायचा म्हटला की परंपरा आडवी येते. ही कसली परंपरा? ही वहिवाट.

दुसरं उत्तर जरा सुसंस्कृत असतं : ‘अहो, प्रश्न खाण्याचा नाही, मानाचा आहे. लिंबाएवढा तो पेठा. त्यानं कुणाचं पोट भरतंय?’ वा! लिंबाएवढाच आहे ना? मग द्या की सोडून! ज्याला लिंबाएवढी गोष्ट सोडवत नाही, त्याला मोठ्या गोष्टी सोडायला सांगायच्या तरी कशा? आणि मान म्हणाल, तर राबणाऱ्याचा असावा. तो पेठा जन्मभर दाणे दळत बसला. तो सोलणारी बाई जन्मभर चुलीपुढे बसली. दोघांची जात एकच. त्यांची भेट फक्त पाटावर आणि सुरीवर व्हावी, ताटात कधीच होऊ नये, हा कुठला न्याय?

शिवाय प्रश्न खाण्याचा नाही हे सांगणारा माणूस नेहमी जेवून उठलेला असतो. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. पेठ्यात लोह असतं. एका पेठ्यानं रक्त वाढेल असा माझा दावा नाही. मी काही वैदू नव्हे. पण ज्या घरात लोहाचा तुकडा कुणाच्या ताटात जायचा हे आधीपासून ठरलेलं असतं, त्या घरात दूध, अंडी, फळं कुणाच्या ताटात जायची हेही ठरलेलंच असतं. पेठा लहान आहे म्हणून तर तो नीट दिसतो.

तिसरं उत्तर सर्वांत गोड : ‘बायकांना असलं काही आवडतच नाही.’ हे उत्तर खुद्द आमच्या सासूबाईंचं. लागोसहून परत आल्यावर मी घरी गिझडोडोचा घाट घातला. पेठ्याला काही अडचण नव्हती. आमचा चिकनवाला कलेजी-पेठा किलोनं आणि कोंबडीपेक्षा स्वस्त देतो. केळ्यांसाठी मात्र वसईची राजेळी मिळवली. ज्यांची सुकेळी करतात तीच ही. सालीवर काळे डाग पडेपर्यंत पिकू द्यायची. वेलची केळी घ्याल तर तेलात त्यांचा शिरा होईल. ताटं मांडली, सगळ्यांची एकदम, आणि सर्वांना सारखं वाढलं. सासूबाई म्हणाल्या, “मला नको, मला पेठा आवडत नाही.” मी म्हटलं, “आई, कधी खाल्लाय?”

त्या गप्प बसल्या. वय वर्षं एकोणऐंशी. साठ वर्षं त्यांनी या घरात पेठा सोलला, शिजवला, वाढला. तो किती शिजला हे त्यांना बोटानं कळायचं. त्याची चव त्यांना माहीत नव्हती.

त्यांनी एक तुकडा तोंडात टाकला, बराच वेळ चावला आणि निकाल दिला, “चिवट आहे.” मग केळ्याबरोबर दुसरा खाल्ला. मग ताट किंचित पुढे सरकवून म्हणाल्या, “वाढ आणखी दोन. केळं कमी घाल, गोड होतंय.” टेबलावर कुणी काही बोललं नाही. आमच्या ह्यांनी तेवढ्यात उठून पाण्याचा जग भरून आणला. जग भरलेलाच होता.

म्हणून मला गिझडोडो आवडतं. चवीला तर ते उत्तम आहेच. पण त्याची खरी करामत वेगळी आहे. एका कोंबडीच्या एका पेठ्याभोवती मानपान उभा राहतो. कढईत एकदम अर्धा किलो पेठे पडले की त्या मानपानाचं काय करायचं हे कुणालाच कळत नाही. लागोसच्या मांडवात गिझडोडोचं ताट फिरतं तेव्हा पोरीसोरी, म्हाताऱ्या, नव्या सुना, सगळ्या दातकोरणीला पेठा टोचून बिनदिक्कत तोंडात टाकत असतात, आणि पलीकडे चार ओगा आपापला पेठा बिनतक्रार चघळत असतात. एवढी मोठी क्रांती इतक्या कमी तेलात दुसरीकडे झालेली मी पाहिलेली नाही.

आता कुणी म्हणेल की मग प्रश्न मिटला, पेठे किलोनं मिळतात, चैन करा. तसं मुळीच नाही. वहिवाट फार चिवट असते, पेठ्यापेक्षा चिवट. तिला चाळीस मिनिटं पुरत नाहीत. पेठा मुबलक झाला की ती पहिल्या वाढपावर जाऊन बसते : तुकडे सगळ्यांना, पण आधी ओगांना, गरम असताना. यावर मी आमच्या घरात साधा कायदा केला आहे आणि तो समस्त भगिनींना फुकट देते. पेठ्याचं पिवळं अस्तर जो सोलेल त्याचा पहिला घास. स्त्री-पुरुष, धाकटा-थोरला, जावई-सून, काही भेद नाही. कर्त्या पुरुषाला मान हवा असेल तर त्यानं खुशाल घ्यावा. पाट मांडून ठेवला आहे, सुरीला धार लावली आहे. अर्ध्या किलोला पाऊण तास लागतो.