पाणी कधी येणार, एवढं सांगा

धुळ्यात काय किंवा जळगावात काय, चार पोरंपोरी चहाला टेकली की एक तक्रार हमखास निघते. आपलं शहर स्मार्ट सिटीच्या यादीत असायला हवं होतं. पुणे, नाशिक, सोलापूर, संभाजीनगर सगळे आत, आपण बाहेर. मी धुळ्याची, नोकरीला जळगावात, त्यामुळे ही रड मला दोन्ही शहरांत ऐकू येते. तिच्यात सूर मिसळायला माझा साफ नकार आहे.

आधी तारीख बघा. 25 जून 2015. त्या एकाच दिवशी केंद्र सरकारने स्मार्ट सिटी मिशन आणि अमृत अशा दोन योजना सुरू केल्या. पहिली शंभर शहरांसाठी, महाराष्ट्रातली शेवटी आठ तिच्यात आली. दुसरी सुमारे पाचशे शहरांसाठी, आणि धुळे, जळगाव तिच्यात होती. पहिलीचा झगमगाट कंट्रोल रूम, कॅमेरे, सेन्सर यांचा. दुसरीच्या वाट्याला पाण्याचे पाइप आणि भुयारी गटारी. म्हणजे आपल्याला कोणी विसरलं नव्हतं, पाइपच्या रांगेत उभं केलं होतं, आणि आपली गरजही तीच होती. राग यायचा तर वेगळ्या गोष्टीचा यावा. पाइपासाठी रस्ते खोदले गेले, पण त्या पाइपात पाणी कधी येणार हे घराघरात नेमकं कळवायची व्यवस्था तेवढ्याच जोरात आपण कधी मागितली का?

स्मार्ट शहरात नेमकं काय होतं, तेही पाहू. पाण्याच्या टाकीत पातळी मोजणारा सेन्सर बसतो. त्यात आपल्या फोनमध्ये असतं तसंच एक सिम असतं. ते दर काही मिनिटांनी आकडा पाठवतं, आकडा कंट्रोल रूमच्या भिंतीएवढ्या पडद्यावर उमटतो. सिग्नलवरचे कॅमेरे, बसचा जीपीएस, कचऱ्याच्या गाड्या, सगळं त्याच पडद्यावर. शंभरही शहरांत अशी केंद्रं उभी राहिली. 2020 मध्ये अनेक शहरांनी करोनाची वॉर रूम तिथेच थाटली, तेव्हा त्यांचा उपयोगही झाला. पण या साऱ्या माहितीची दिशा बघा. ती गल्लीतून निघते आणि साहेबांच्या पडद्याशी थांबते. पडद्यासमोर अधिकारी, पडद्याच्या आत आपण. जळगावात महापालिकेची सतरा मजली इमारत आहे, वरून सगळं गाव दिसत असेल. प्रश्न वरून काय दिसतं हा नाहीच. खाली काय सांगितलं जातं, हा आहे.

खान्देशात नळाला रोज पाणी येत नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको. वेळापत्रक पेपरात छापून येतं आणि जलवाहिनी फुटली की रद्दीत जातं. मग कॉलनीच्या ग्रुपवर सुरू होतं, ‘पानी उनं का?’ कोणी लिहितं आलं, कोणी लिहितं आमच्याकडे नाही, कोणी गुड मॉर्निंगचं गुलाब टाकतं. एखाद्या भावी नगरसेवकाचा स्वतःच्या फोटोसकट मेसेज येतो, उद्या आपल्या प्रभागात पाणी. त्याच्या ग्रुपमध्ये तुम्ही असाल तर तुम्हाला कळतं. जी माहिती नागरिकाचा हक्क आहे, ती अशी उपकार म्हणून वाटली जाते. या वाट पाहण्याची किंमत कोणी मोजत नाही, कारण ती बहुतेक घरातल्या बाईच्या खात्यावर पडते. कॉलेजचं लेक्चर बुडवून नळाशी बसते ती मुलगी. सार्वजनिक नळावर अवलंबून असलेल्या मजुराची तर त्या दिवसाची हजेरीच जाते.

आणि हे सुटण्यासारखं आहे. हुबळी-धारवाडमध्ये नेक्स्टड्रॉप नावाच्या एका छोट्या कंपनीने दहा-पंधरा वर्षांपूर्वी हेच काम हाती घेतलं. व्हॉल्व्हमनने व्हॉल्व्ह उघडताना कळवायचं, आणि त्या भागातल्या घरांना एसएमएस जायचा. साधा एसएमएस, कीपॅडच्या फोनवरही येणारा. पुढे हा प्रयोग बेंगळुरूत गेला, तिथे संशोधकांनी तो तपासला आणि निकाल निराशाजनक निघाला. वाट पाहण्याचा वेळ फारसा कमी झाला नव्हता. गरीब घरांमधली काळजी थोडी हलकी झाली, इतकंच. घोडं पेंड खात होतं ते मधल्या माणसापाशी. व्हॉल्व्हमन नियमित कळवतच नव्हते.

यावर आपल्याकडचा शहाणा माणूस म्हणेल, बघा, आपली माणसंच अशी. मी म्हणते, त्याने का कळवावं? दिवसभर उन्हात चावी फिरवणाऱ्या माणसाच्या डोक्यावर आणखी एक काम टाकायचं, त्याचे पैसे द्यायचे नाहीत, आणि वेळ चुकली की गल्लीभर शिव्या त्यालाच. कळवणं हे त्याच्या नोकरीचं मोजलेलं, पगारी काम करा, त्याचा नंबर कोणाला देऊ नका, उत्तर द्यायला वर अभियंता बसवा. सिम आणि सर्व्हर ही यातली सगळ्यात सोपी बाजू आहे.

गंमत म्हणजे हे आपल्याला नवं नाही. पांझरेच्या काठी फड बागायत होती, काही ठिकाणी अजून आहे. नदीवर बंधारा, त्यातून पाट, जमिनीचे फड, आणि पाणी वाटणारा पाटकरी. त्याचा मोबदला शेतकरीच देत, त्यामुळे तो उत्तरही त्यांनाच देई. पाळी कोणाची हे प्रत्येकाला ठाऊक असे. विश्वेश्वरय्या नोकरीच्या सुरुवातीला, 1880 च्या दशकात, याच पांझरेवर पाइपाचं सायफन बांधून गेले. त्यांचं नाव आपण अभिमानाने घेतो, पाटकऱ्याला मात्र विसरलो.

ज्यांना वाटतं, एका मेसेजचं काय एवढं, त्यांनी राईनपाडा आठवावं. साक्री तालुका, 1 जुलै 2018, रविवार, बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होते. भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ग्रामपंचायतीच्या कार्यालयात ठेचून मारलं. मंगळवेढ्याकडून पोट भरायला आलेली माणसं होती ती. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. म्हणजे आपल्या जिल्ह्यात 2018 सालीच डिजिटल संपर्क आदिवासी पाड्यापर्यंत पोहोचला होता. त्याच्यावरून खोटं पोहोचलं. खोटं थोपवायला नुसता खुलासा पुरत नाही. जो रोज कंटाळवाणं खरं सांगतो, त्याचंच माणूस संकटात ऐकतं. उद्या सकाळी सहाला पाणी, आणि सहाला खरंच पाणी, असं वर्षभर घडलं तर त्या क्रमांकावरून आलेल्या ‘ही अफवा आहे’ या ओळीला वजन येतं.

2023 मध्ये तुमचा फोन अचानक किंचाळला होता, आठवतं? सेल ब्रॉडकास्टची चाचणी होती ती. टॉवरच्या टप्प्यातल्या फोनवर एकदम संदेश, नंबर नको, इंटरनेट नको. तंत्र उत्तम, पण लोक घाबरले, कारण सरकार असं कधी बोललंच नव्हतं. एरवी मुकं असलेलं माणूस एकदम ओरडलं तर घाबरणारच. त्यापेक्षा घंटागाडी बरी. गाणं लावून येते, आपण डबा घेऊन बाहेर पडतो, कोणाला काही समजावून सांगावं लागत नाही.

‘पाणीच नाही तर मेसेज काय चाटायचाय?’ हा आक्षेप मी घरातच ऐकलाय. मेसेजने धरण भरत नाही, मान्य. पण मेसेज हा पुरावा असतो. सहा वाजता म्हणालात, रात्री दहाला आलं, हे दहा हजार फोनमध्ये तारखेसकट नोंदलं जातं. मला दाट संशय आहे की नेमकी हीच अडचण आहे. नाहीतर महावितरण याच राज्यात, याच शहरांत, रीडिंगचा आणि नियोजित वीजबंदीचा एसएमएस पाठवतं. वीज कंपनीवर राग काढायला आपल्याकडे हजार कारणं असतील, पण तिचं हे काम पाण्याला का जमू नये?

म्हणून यादीत नाव नसल्याचं रडगाणं बंद करू या. शिवाय ते मिशनही 31 मार्च 2025 ला संपलं, आता रडून ती बस मिळायची नाही. माहिती अधिकार कायद्याचं कलम 4 सांगतं की सरकारी कार्यालयाने आपल्या कामाची माहिती कोणी मागायची वाट न पाहता स्वतःहून मांडावी. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, दोन चहांचे पैसे. अर्जात तीन ओळी पुरतात. माझ्या प्रभागाचं गेल्या सहा महिन्यांचं ठरलेलं वेळापत्रक द्या. प्रत्यक्ष व्हॉल्व्ह कधी उघडला, त्याची नोंदवही द्या. आणि बदल झाला तेव्हा तो नागरिकांना कोणी, कसा आणि किती वाजता कळवला, ते सांगा.