फळं वाढली, फळ कोणाला मिळालं?



आडसाली लागणीचे दिवस जवळ आले की गटागटांत एकच चर्चा सुरू होते. "ऊस काढून डाळिंब लावावं का?" "करमाळ्याकडची केळी परदेशी चालली, आपण उसातच किती दिवस राहायचं?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, आणि एखाद्याच्या बागेचा एका वर्षाचा पैसा बघून निकालात काढण्यासारखाही नाही. आधी देशाचा हिशेब पाहू, मग आपल्या रानाचा.

१९९१-९२ साली आपल्या देशात सुमारे २ कोटी ८६ लाख टन फळं पिकली. २०२२-२३ साली हा आकडा ११ कोटी टनांवर गेला. म्हणजे तीस वर्षांत जवळजवळ चौपट. क्षेत्र २९ लाख हेक्टरांच्या आसपास होतं, ते ७० लाखांवर गेलं. हेक्टरी उत्पन्न मात्र दीडपटच वाढलं. केळी, आंबा आणि पपई यांत आज आपला देश जगात पहिला आहे. २०१२-१३ साली तर फळं, भाजीपाला व इतर बागायती पिकांचं मिळून उत्पादन अन्नधान्याच्याही पुढे गेलं.

आता माणशी किती, ते बघा. १९९१ च्या शिरगणतीत आपण ८४ कोटी ६३ लाख होतो. त्या हिशेबानं माणशी रोज ९० ग्रॅमच्या थोडं वर फळ येत होतं. आज १४० कोटी धरले तरी २०० ग्रॅमच्या वर येतं. आहारतज्ज्ञ रोज निदान १०० ग्रॅम फळ खावं असं सांगतात. कागदावर देश पास झाला. पण आपल्याच तोडणी मजुराच्या कोपीवर जाऊन बघा, तिथं आठवड्यात किती केळी येतात? सरासरी पोट भरते ती कागदाचं.

दुसरी गोष्ट या आकड्यांत येतच नाही. पूर्वी आपल्या बांधावर रायवळ आंबा, जांभूळ, बोर, चिंच, सीताफळ असायचं. त्याची पट्टी कोणी केली नाही, म्हणून ते कुठल्या तक्त्यात नाही. पण पोरांच्या खिशात होतं. पाटाचं पाणी आलं, रान सपाट झालं, सावलीनं ऊस बारीक पडतो म्हणून झाडं गेली, आणि बांध कोरता कोरता बांधच उरला नाही. बाजारातलं फळ वाढलं आणि घरचं फळ गेलं, असे हे दोन हिशेब एकाच वेळी चाललेले आहेत.

बाजारातली वाढ आपोआप झाली नाही. आपल्या राज्यानं १९९० साली रोजगार हमी योजनेतून फळबाग लागवड सुरू केली. त्यामुळं वरकस, माळाच्या जमिनीवर बोर, सीताफळ, डाळिंब, आंबा उभा राहिला. २००५-०६ पासून केंद्राचं फलोत्पादन अभियान आलं. ठिबक आलं, ऊतिसंवर्धित केळीची रोपं आली, राहुरीच्या विद्यापीठानं भगवा डाळिंब दिलं. तासगाव, नाशिक, सांगोला या नावांना दाम आला.

पण त्याच गावांत जाऊन दुसरी बाजूही ऐका. डाळिंबावर तेल्या आला, मागोमाग मर आली, आणि उभ्या बागा कुऱ्हाडीनं तोडाव्या लागल्या. २०१० साली युरोपात पाठवलेली द्राक्षं औषधाच्या अंशापायी अडकली. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा द्राक्ष ऐन तोडणीला होतं; कोणी बेदाणा केला, कोणी बांधावर ओतलं. त्याच दिवसांत साखर कारखान्यांची गव्हाण चालू होती. ऊस चार दिवस उशिरा तुटला तर वजन घटतं, उतारा घटतो. फळ चार दिवस थांबलं तर उकिरड्यावर जातं. लुधियानाच्या केंद्रीय संस्थेनं २०१५ साली दिलेल्या अहवालात पेरूची नासाडी शेकडा १५ च्या वर दाखवली आहे. म्हणजे सहा पाट्यांतली जवळजवळ एक पाटी वाया.

खरा फरक पिकात नाही, पिकामागं कोण उभं आहे यात आहे. उसाला कायद्यानं ठरलेला किमान दर आहे, चौदा दिवसांत पैसे द्यायचा नियम आहे. तो नियम सगळीकडं वेळेवर पाळला जातो असं कोणी म्हणणार नाही. पण नियम आहे, म्हणून भांडता तरी येतं. फळवाल्यानं कोणाशी भांडायचं? रात्री गाडी भरायची, सकाळी अडत्या सांगेल तो भाव घ्यायचा, आणि हमाली, तोलाई, भाडं वजा होऊन पट्टीत उरेल ते आपलं.

१९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीनं सहकारी कारखाना उभा केला, तो हेच दुखणं ओळखून. फळांतही असं झालेलं आहे. १९९१ साली द्राक्ष बागायतदारांच्या सहकारी संस्थांनी मिळून महाग्रेप्स काढली, शीतगृहं केली, माल एकत्र परदेशी पाठवला. एकट्याला जे साधलं नाही ते एकीनं साधलं.

म्हणून माझं मत असं. सरसकट ऊस मोडून बागेमागं धावू नये. ज्याच्याकडं ठिबक आहे, त्यानं वाचलेल्या पाण्यावर अर्धा एकर, फार तर एकर फळबाग धरावी, आणि तीही माती तपासून, खात्रीची रोपं घेऊन. प्रत्येकानं बांधावर चार झाडं घरच्यासाठी लावावीत.

कारखान्यानंही पाऊल टाकावं. काही संचालक आणि सभासद म्हणतील, "साखर करणं हे आपलं काम, फळाच्या धंद्यात बुडालं तर उसाच्या बिलातून कापणार का?" ही शंका रास्त आहे. म्हणूनच फळउत्पादक सभासदांची संस्था वेगळी, खातं वेगळं, भांडवल वेगळं असावं. उसाच्या बिलाला एका पैशाचा हात लागता कामा नये. सुरुवातीला इमारतही नको. शेतकी खात्यानं जशी उसाची नोंद होते तशी फळझाडांची नोंद करावी: कोणाचं किती, तोड केव्हा. मग एका गटाचा माल एका गाडीनं, एका प्रतवारीनं जाऊ द्या. एक-दोन हंगाम जमलं, तर शीतगृहाचा विचार करू.

देशात फळ चौपट झालं, यात आपल्यासारख्यांचा घाम आहे. भाव ठरवताना आपला आवाज नाही. येत्या वार्षिक सभेत हा विषय सभासदांनी लेखी मांडावा. नोंदवहीला खर्च फारसा नाही, आणि तेवढ्यावरून आपली तयारी किती आहे तेही कळेल.

— एक ऊस उत्पादक सभासद