पोवाडे जमवणारे आयुक्त आणि रस्त्यावरून हटवलेली माणसे

१/ अज्ञानदासाचा अफझलखानवधाचा पोवाडा, तुलसीदासाचा सिंहगडाचा पोवाडा. शिवकाळाची आवड असणाऱ्या प्रत्येकाच्या वाचनात हे येऊन गेलेले असतात. ते छापील रूपात टिकले याचे मोठे श्रेय हॅरी आर्बथनॉट ॲकवर्थ या इंग्रज सनदी अधिकाऱ्याला आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांना जाते. दोघांनी मिळून १८९१ मध्ये ‘इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे’ हा संग्रह काढला. त्यातील काहींचा ॲकवर्थ यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १८९४ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. मुंबईत मात्र ॲकवर्थ हे नाव ग्रंथालयापेक्षा एका रुग्णालयाच्या फाटकावर अधिक ठळक आहे. हा धागा त्या फाटकाविषयी.

२/ अँटॉप हिलला लागून असलेल्या वडाळ्यात महापालिकेचे ॲकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय आहे. स्थापना १८९०. त्या वेळी ॲकवर्थ मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर होते. जुन्या कागदांत या जागेचा पत्ता ‘माटुंगा’ असा येतो आणि संस्थेचे नाव ‘होमलेस लेपर असायलम’. यातला ‘होमलेस’ हा शब्द सहज पडलेला नाही. पुढची सगळी गोष्ट त्या एका शब्दात आहे.

३/ आधीची पार्श्वभूमी थोडक्यात. मुंबईतले निराधार कुष्ठरुग्ण तोवर प्रामुख्याने भायखळ्याच्या जमशेटजी जीजीभाई धर्मशाळेच्या आसऱ्याला असत. बाकीचे देवळांच्या, बाजारांच्या वाटांवर. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६०च्या दशकात कडू कवठाच्या बियांच्या तेलाने उपचार करून पाहिले होते. ग्रँट मेडिकल कॉलेजचे डॉ. हेन्री व्हॅनडाइक कार्टर (होय, ‘ग्रेज ॲनाटॉमी’तील आकृत्या काढणारे तेच) १८७३ मध्ये नॉर्वेला जाऊन आले. हॅनसेन यांना कुष्ठरोगाचे जंतू दिसले ते त्याच वर्षी, त्याच देशात. परतल्यावर कार्टर यांनी रुग्णांना वेगळे ठेवण्याचा आग्रह सतत धरला. सरकार खर्चाला कचरत राहिले.

४/ एप्रिल १८८९ मध्ये हवाईच्या मोलोकाई बेटावर कुष्ठरुग्णांची सेवा करणारे फादर डेमियन त्याच रोगाने वारले आणि जगभर भीतीची लाट उसळली. लंडनमध्ये निधी उभा राहिला, भारतात आयोग पाठवण्याचे ठरले. मुंबईतल्या प्रतिष्ठित नागरिकांनाही रस्त्यावरचा महारोगी अचानक असह्य झाला. वर्गणी जमली आणि आश्रम उभा राहिला.

५/ आता कायद्याकडे पाहू. ॲकवर्थ यांच्या हाताशी १८८८चा मुंबई म्युनिसिपल कायदा होता. धोकादायक रोग झालेल्या आणि राहण्याची योग्य सोय नसलेल्या माणसाला इस्पितळात हलवण्याचा अधिकार त्यात होता. पटकी-देवीसारख्या साथींसाठी शोभणारी ही तरतूद वर्षानुवर्षे चालणाऱ्या कुष्ठरोगाला लावण्यात आली. परिणाम उघड होता. ज्याला घर होते त्याला कोणी हात लावला नाही. तोच रोग, तेच जंतू, पण दार लावून घेण्याची सोय असली की माणूस ‘धोकादायक’ ठरत नव्हता. फूटपाथवर झोपणारा मात्र उचलला गेला.

६/ ‘त्या काळी औषधच नव्हते, दुसरे काय करणार?’ हा प्रश्न योग्य आहे आणि तो टाळू नये. आश्रमात अन्न होते, छप्पर होते, मलमपट्टी होती. डॉ. नसरवानजी होरमसजी चोकसी यांच्यासारखा पुढे प्लेगच्या साथीत नाव कमावलेला डॉक्टर तेथे होता. रस्त्यावरच्या हालांपेक्षा हे निश्चितच बरे. ॲकवर्थ यांना खलनायक ठरवणे हा सोपा आणि चुकीचा इतिहास होईल.

७/ पण ‘त्या काळी कोणालाच ठाऊक नव्हते’ हेही खरे नाही. १८९०-९१ मध्ये भारतभर फिरलेल्या आयोगाने हा रोग संसर्गाने फार थोडा पसरतो आणि सक्तीच्या विलगीकरणाची गरज नाही, असा निष्कर्ष काढला होता. निधीच्या लंडनमधील कार्यकारी समितीला तो रुचला नाही. १८९८चा ‘लेपर्स ॲक्ट’ आला तो आयोगाचे शास्त्र आणि शहरांची भीती यांच्यातली तडजोड म्हणून.

८/ हा १८९८चा कायदा प्रत्येक इतिहासप्रेमीने एकदा मुळातून वाचावा. मोजक्या कलमांचा आहे. त्यात सरसकट सगळे रुग्ण येत नाहीत. ‘निर्धन’ रुग्ण येतो. निर्धन म्हणजे जो उघडपणे भीक मागतो, दया उपजावी म्हणून जखमा किंवा व्यंग दाखवतो, अथवा ज्याला उपजीविकेचे दिसणारे साधन नाही. त्याला पोलिसाने वॉरंटशिवाय पकडावे. शिवाय प्रांतिक सरकारला आणखी अधिकार दिले होते: कुष्ठरुग्णाने खाद्यपदार्थ वा कपडे विकू नयेत, सार्वजनिक विहिरीवर वा तळ्यावर पाणी भरू नये, आंघोळ करू नये, भाड्याच्या सार्वजनिक वाहनात बसू नये, असे हुकूम काढता येत. आगगाडीचा डबा तेवढा वगळला होता.

९/ पाणी, वाहन, बाजार. आज अपंग नागरिकांसाठी ‘सुगम्य सार्वजनिक सेवा’ म्हणताना जी यादी केली जाते, जवळजवळ तीच यादी येथे आहे. फक्त दरवाजा बंद करण्यासाठी केलेली. विहिरीचा उल्लेख आला की महाराष्ट्रातल्या वाचकाला दुसरा एक, जातीचा इतिहास आठवेल. आठवावाच.

१०/ आश्रमाच्या भिंतीआड काय चालले होते, याची एक चमत्कारिक नोंद अभियांत्रिकीच्या इतिहासात सापडते. मुंबई म्युनिसिपालिटीचे ड्रेनेज इंजिनिअर सी. सी. जेम्स यांनी १८९७च्या सुमारास येथे मैलापाण्याच्या टाक्या बसवल्या आणि त्यातून निघणारा वायू दिव्यांसाठी वापरला. बायोगॅसच्या जागतिक इतिहासात हा फार सुरुवातीचा प्रयोग मानतात. (इंटरनेटवर आणि काही पाठ्यपुस्तकांतही ‘१८५९, बॉम्बे लेपर कॉलनी’ असे सर्रास आढळते. आश्रमच १८९०चा, तेव्हा ही तारीख एकमेकांवरून उतरवलेली चूक आहे. पुढे कोणी पाठवली तर दुरुस्त करावी.)

११/ म्हणजे ज्यांना शहराच्या विहिरीवर येऊ देऊ नये असे कायदा म्हणू पाहत होता, त्यांच्याच मैल्यावर दिवे लावून शहर नवे तंत्र शिकत होते. रहिवाशांना याबद्दल काय वाटले, हे जेम्स यांच्या टाक्यांच्या वर्णनातून कळण्याची आशा नाही.

१२/ औषधाने चित्र पालटले. १९४०च्या दशकात सल्फोन गटाची औषधे आली. १९८०च्या दशकात बहुविध औषधोपचार सुरू झाला आणि कुष्ठरोग सहा महिने ते वर्षभराच्या गोळ्यांनी बरा होऊ लागला. कोंडून ठेवण्याची जागा लोकांनी स्वतःहून चालत यायचे रुग्णालय बनली. २००५च्या अखेरीस भारताने दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण हे उद्दिष्ट राष्ट्रीय पातळीवर गाठल्याचे जाहीर केले. तरी आजही जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतात सापडतात.

१३/ जंतू मरतात, पण मेलेल्या नसा परत येत नाहीत. वाकलेली बोटे, लुळा पडलेला पंजा, मिटता न येणारी पापणी, बधिर तळव्यावरची न भरणारी जखम. येथून पुढे प्रश्न औषधाचा उरत नाही. तो पायऱ्यांचा, बसच्या दांड्याचा, मऊ रबरी तळाच्या चपलेचा, नोकरीचा आणि शेजाऱ्याचा होतो. १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्याने सात प्रकारच्या अपंगत्वांत ‘कुष्ठरोगमुक्त’ व्यक्तीचा समावेश केला तो यामुळे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांतही तो आहे.

१४/ महाराष्ट्रात समाजाच्या बळावर उभी राहिलेली दुसरी वाटही आहे. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये, अमरावतीला शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये, आणि पुढे वरोऱ्याला बाबा आमटे यांनी काम उभे केले. तेथे रुग्ण दयेचा धनी नव्हता. शेती करणारा, विणणारा, बांधणारा होता. हे मोठेच काम. पण ही सगळी गावे नव्याने, वेगळी वसवावी लागली, ही जुन्या गावांची नामुष्की आहे. आनंदवनाच्या सहली काढणाऱ्या मुंबईकराने स्वतःच्या चाळीत अशा कुटुंबाला खोली भाड्याने मिळेल का, हेही विचारून पाहावे.

१५/ आता मूळ मुद्दा. १८९८चा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. त्याच वर्षी डिसेंबरात दिव्यांग हक्क कायदा संमत झाला. २०१९ मध्ये कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारणही कायद्यांतून वगळले गेले. एक पर्व संपले, असे वाटावे. पण १८९८च्या व्याख्येतली ती ‘जखमा व व्यंग दाखवून’ भीक मागण्याची कल्पना पाहा. ती १८२४च्या इंग्लंडमधील भटक्यांविषयीच्या कायद्यात आहे. तेथून ती भारतात आली. आणि १९५९च्या मुंबईच्या भीक-प्रतिबंधक कायद्यात ती पुन्हा आहे: जखम, इजा, व्यंग किंवा रोग भिक्षेसाठी उघड करणे म्हणजे भीक मागणे. उपजीविकेचे दिसणारे साधन नसताना सार्वजनिक ठिकाणी वावरणे हेही त्याच व्याख्येत. पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षे स्थानबद्धता. कुष्ठरोगी भिक्षेकऱ्यांसाठी त्यात स्वतंत्र कलम घातले होते.

१६/ स्वतंत्र भारतात, महाराष्ट्राच्या निर्मितीच्या उंबरठ्यावर झालेला हा कायदा. पुढे अनेक राज्यांनी तो उचलला. दिल्लीत लागू असलेल्या याच कायद्यातील भीक मागणे गुन्हा ठरवणारी कलमे दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये घटनाबाह्य ठरवली. ज्या राज्याने तो घडवला तेथे मात्र त्या निर्णयाने काही बदलले नाही. एक कायदा म्हणतो, तुमच्या व्यंगाला रस्ता सोयीचा करून देणे हे राज्याचे कर्तव्य आहे. दुसरा म्हणतो, तुमचे व्यंग रस्त्यावर दिसले तर पोलीस येतील. दोन्ही एकाच वेळी खरे मानून चालणारे प्रशासन अपंगस्नेही असू शकत नाही, मग स्थानकांवर कितीही उद्वाहने बसवा.

१७/ ‘भिक्षेच्या टोळ्यांचे काय?’ हा प्रतिवाद येणारच. मुलांना पळवणे, जबरदस्तीने भीक मागायला लावणे, यांसाठी फौजदारी कायद्यात वेगळे गुन्हे आहेत आणि ते टोळी चालवणाऱ्याला लागतात. १९५९ची व्याख्या लागते ती ज्याचा हात झडला आहे त्याला.

१८/ सेवांच्या बाजूला जुनी सवय निराळ्या रूपात टिकून आहे. शिधावाटप, निवृत्तिवेतन, बँक, सगळीकडे अंगठा टेकवा. बोटेच झिजली असतील तर यंत्र ओळखत नाही. बोटांचे ठसे देता येत नसतील तर बुबुळांवरून, आणि तेही शक्य नसेल तर दोन्हींशिवाय आधार नोंदणी करावी, हे केंद्राने डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. नोंदणी झाली तरी दुकानातल्या यंत्रापुढे रोजचा प्रश्न उरतोच. येथे कोणाचा दुष्ट हेतू नाही. यंत्र बनवताना हा माणूस कोणाच्या डोळ्यांपुढे नव्हता, एवढेच. १८९० मध्ये निदान तो डोळ्यांत खुपत तरी होता.

१९/ सार्वजनिक इमारती सुगम्य करण्याची २०१६च्या कायद्यातील पाच वर्षांची मुदत २०२२ मध्येच संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात सांगितले की सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशी म्हणून ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारकच हवेत. रतुरी यांची याचिका २००५ची. एकोणीस वर्षे.

२०/ ॲकवर्थ रुग्णालयाच्या आवारात कुष्ठरोगाच्या इतिहासाचे छोटे संग्रहालय आहे. किल्ल्यांच्या मोहिमा आखणाऱ्यांनी चौकशी करून एखादा दिवस त्यासाठीही ठेवावा. आणि भीक-प्रतिबंधक कायद्यातील ती व्याख्या काढून टाकण्यासाठी कोणत्याही न्यायालयाची वाट पाहण्याची गरज नाही. महाराष्ट्र विधिमंडळात एका अधिवेशनात एक दुरुस्ती विधेयक आले तर ते काम होते. आपापल्या आमदाराला विचारावे.

#मुंबईचा_इतिहास #वडाळा #अँटॉप_हिल